डूडलचं पिल्लू: पोट्टा आणावा की पोट्टी?

आमच्या घरात डूडल कुत्र्याच्या पिल्लावरून पहिलं भांडण झालं ते 'पोट्टा आणाचा का पोट्टी', म्हणजे नर की मादी, यावरूनच. सासूबाईंचं म्हणणं, मादी नको, दर सहा महिन्यांनी घरभर डाग पडतील. पोराला नरच पाहिजे होता, कारण त्याच्या वर्गातल्या कोणाकडे तरी नर आहे. नवऱ्यानं पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "जे स्वस्त पडते ते आणा." मी महिनाभर ब्रीडर, डॉक्टर आणि ओळखीपाळखीच्या कुत्रेवाल्यांचं डोकं खाल्लं. कोणी म्हणे नर लाडिक, कोणी म्हणे मादी समंजस, आणि प्रत्येकजण आपल्याच कुत्र्याचं वर्णन करत होता.

शेवटी एकाच वेताची दोन पिल्लं नागपुरात आली. मादी आमच्याकडे, मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. रंग तांबूस म्हणून नाव पडलं तर्री. तिचा भाऊ बंड्या नणंदेकडे, प्रतापनगरात, अंगण आणि तुळशीवृंदावन असलेल्या घरात. दोघं मिनी गोल्डनडूडल, आई गोल्डन रिट्रीव्हर आणि बाप मिनिएचर पूडल. आज दोघं तीन वर्षांची आहेत. दोन्ही बाजू इतक्या जवळून बघितल्यावर माझं मत असं झालंय, की नर की मादी हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, पण त्याचा नंबर खरं तर चौथा-पाचवा लागतो. मात्र काही ठिकाणी त्यानं चांगलाच फरक पडतो, आणि नेमकं तेच घेण्याआधी कोणी सांगत नाही.

१. आधी आकार आणि केस ठरवा

डूडल म्हणजे पूडलचा दुसऱ्या जातीशी केलेला संकर. गोल्डन रिट्रीव्हरशी केला की गोल्डनडूडल, लॅब्राडॉरशी केला की लॅब्राडूडल, कॉकर स्पॅनियलशी केला की कॉकापू. पूडल मुळात तीन मापांत येतो, स्टँडर्ड, मिनिएचर आणि टॉय. तुमचं पिल्लू किती वाढणार हे मुख्यतः त्यातला कोणता पूडल वापरला यावर ठरतं. स्टँडर्ड गोल्डनडूडल २५-३० किलोंच्या घरात सहज जातो. एकाच वेतातले नर मादीपेक्षा थोडे भारी निघतात, एवढंच. आमची तर्री १३ किलोंची, बंड्या १५ चा. म्हणजे "फ्लॅट लहान आहे म्हणून मादी घेतो" या हिशेबाला अर्थ नाही. फ्लॅट लहान असेल तर लहान पूडलचं पिल्लू बघा.

दुसरी गोष्ट पिढीची. ब्रीडर 'एफ१' म्हणतात तेव्हा अर्धा पूडल, अर्धी दुसरी जात. 'एफ१बी' म्हणजे एफ१चा पुन्हा पूडलशी संकर, चारांत तीन हिस्से पूडल. एफ१बीचे केस बहुधा जास्त कुरळे, गळतात कमी आणि गुंततात जास्त. एफ१मध्ये काहीही निघू शकतं: एकाच वेतात एक भाऊ मेंढरासारखा, दुसरा गोल्डनसारखा लांब केसांचा. रोज केस विंचरायला घरात कोण बसणार हे आताच बोलून घ्या. आमच्याकडे सगळ्यांनी हात वर केले होते, आता मी एकटी बसते.

२. ॲलर्जी असेल तर हा भाग दोनदा वाचा

"डूडल केस गाळत नाही, म्हणून ॲलर्जी होत नाही." हे वाक्य जो ब्रीडर बोलेल त्याच्यापासून सावध राहा. ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेत, कोंड्यात आणि लघवीत असलेल्या प्रथिनांची असते. केस कमी गळले तर घरात कोंडा कमी पसरेल, पण प्रथिनं कुत्र्याच्या अंगावर असतातच.

लॅब्राडूडलचा किस्साच ॲलर्जीपासून सुरू होतो. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन काम करत होते. हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. कॉनरननी लॅब्राडॉर आणि स्टँडर्ड पूडलचा संकर केला, पिल्लांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने त्या घरी पाठवले. तेव्हा त्या वेतातलं एकच पिल्लू चाललं. मुद्दाम ॲलर्जीसाठीच केलेल्या पहिल्या वेताची ही गत, तर आपण जाहिरातीवर काय विश्वास ठेवावा? पुढे डूडलची जी फॅशन आली तिचा कॉनरनना पश्चात्तापच झाला, आणि तो त्यांनी जाहीरपणे बोलूनही दाखवला.

नर-मादीचा खरा फरक इथे आहे. कुत्र्याच्या ॲलर्जीच्या प्रथिनांत 'कॅन एफ ५' नावाचं एक प्रथिन आहे आणि ते नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही माणसांना फक्त याच प्रथिनाचा त्रास असतो. अशा माणसाला मादी किंवा नसबंदी झालेला नर सोसू शकतो, आणि नसबंदी न झालेल्या नराजवळ मात्र शिंकांचा सपाटा सुरू. कोणत्या प्रथिनाची ॲलर्जी आहे हे रक्ताच्या तपासणीत वेगवेगळं बघता येतं. घरात दमा किंवा ॲलर्जीचं माणूस असेल तर पिल्लाचा ॲडव्हान्स देण्याआधी ॲलर्जीच्या डॉक्टरांशी याबद्दल बोलून घ्या, आणि त्या माणसाला ब्रीडरकडे नेऊन तासभर कुत्र्यांत बसवा.

३. नर आणणार असाल तर

बंड्या आठ महिन्यांचा होईपर्यंत आम्हाला दोघांत काडीचा फरक दिसत नव्हता. दोघंही खाली बसूनच लघवी करायची. मग एका सकाळी नणंदेच्या सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि बंड्या त्यांच्या आधी 'पाणी घालून' बसला होता, तीन पायांवर उभा राहून. त्या माउलीनं त्या दिवशी वृंदावन गंगाजलानं धुतलं आणि नणंदेला दिवसभर ऐकवलं. तेव्हापासून अंगणातल्या कुंड्या, ॲक्टिवाचं चाक, कूलरच्या स्टँडचे पाय, सगळ्यांवर त्याचा हक्क. नर साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान अशी खूण करायला लागतात. फिनाईलनं पुसून उपयोग होत नाही, कारण आपल्या नाकाला वास गेला तरी त्याच्या नाकाला तो येतच राहतो. एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते वापरा, आणि घरात खूण केली की ओरडण्यापेक्षा बाहेरच्या फेऱ्या वाढवा.

डूडलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. नराची लघवी पोटाखालच्या केसांवर उडते. लॅब असेल तर दोन मिनिटांत वाळतं. डूडलचे केस लोकरीसारखे, ते ओले राहतात, पिवळे पडतात, वास मारतात आणि तिथेच पहिल्या जटा होतात. दर दोन-तीन आठवड्यांनी पोटाखालचे आणि मांड्यांच्या आतले केस मशिननं बारीक करून घ्यावे लागतात. मशिनचा आवाज पिल्लाला लहानपणीच ऐकवून ठेवा, नाहीतर पुढे दोघांनी धरावं लागतं.

आणि भाद्रपद. मराठीत भाद्रपद आणि कुत्रा यांची जोडी उगाच नाही झाली. पोळा होतो, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि भाद्रपद लागतो; पावसाळा ओसरता ओसरता गल्लीतल्या माद्या माजावर यायला लागतात. घरातला वयात आलेला नर तेव्हा जेवण सोडतो, रात्री रडतो, दाराशी बसतो. बंड्या अकरा महिन्यांचा असताना मारबतीनंतर तीन-चार दिवसांनी सिलिंडरवाल्यासाठी गेट उघडलं आणि तो बाणासारखा गेला. नणंदेचा फोन आला तो रडतच, "वहिनी, बंड्या पळाला वं!" पाच तासांनी खामल्याच्या बाजूला सापडला. कान फाटलेला, अंगभर चिखल आणि गवताच्या कुसळांनी केसांच्या अशा जटा झालेल्या, की शेवटी सगळं अंग भादरावं लागलं. गेटला आतून दुसरी कडी, हे नर आणणाऱ्यानं पहिल्याच महिन्यात करून घ्यायचं काम.

एवढं ऐकून नर नको वाटत असेल तर थांबा. बंड्या स्वभावानं तर्रीपेक्षा सोपा आहे. कोणीही पाहुणा आला की त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपतो, आणि एका बिस्किटावर काहीही शिकतो.

४. मादी आणणार असाल तर

सासूबाईंच्या डागांची भीती अगदीच खोटी नव्हती, पण मोठी करून सांगितलेली होती. मादी पहिल्यांदा माजावर येते ती साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, मोठ्या आकाराच्या डूडलमध्ये थोडी उशिराही. पुढे साधारण दर सहा महिन्यांनी. एक माज जवळपास तीन आठवडे चालतो. आधी मागची जागा सुजते, मग रक्त दिसतं. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्ताचा रंग फिका होतो, आणि लोकांची चूक नेमकी इथे होते. "रक्त थांबलं, आता सोडा मोकळी" म्हणतात, आणि गाभण राहण्याचे दिवस तेच असतात. पूर्ण तीन आठवडे होईपर्यंत पट्टा सोडायचा नाही.

तर्रीचा पहिला माज नवव्या महिन्यात आला. घरातले डाग फार नव्हते, ती स्वतःच चाटून साफ करायची. दोन चादरी गेल्या, बाकी कुत्र्यांच्या डायपरनं निभावलं. खरा ताप बाहेर झाला. दुसऱ्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर सकाळी सहाला सात कुत्रे बसलेले. चौकीदार काठी घेऊन मला लिफ्टपासून गाडीपर्यंत सोडायला यायचा, आणि रोज विचारायचा, "मॅडम, अजून किती दिवस?" शेवटी दहा दिवस तिला गच्चीवरच फिरवलं. तळमजल्यावर राहत असाल किंवा कंपाउंडची भिंत बुटकी असेल, तर हे तीन आठवडे कसे काढायचे त्याचा विचार आधीच करा. मागचे आणि शेपटीखालचे केस माज सुरू होण्याआधीच बारीक करून ठेवा. रक्त लोकरीत वाळलं की कात्रीशिवाय निघत नाही.

माज संपल्यावर सुटलो असं वाटलं होतं. जवळपास दोन महिन्यांनी तर्रीनं घरातले पायमोजे पळवायला सुरुवात केली. दिवाणखाली नेऊन, वाटोळं करून, त्यावर बसून राहायची. कोणी हात घातला की गुरगुरायची, जी कधीच गुरगुरली नव्हती. पोट दाबलं तर दूध. मी घाबरले, चौकीदारावरच संशय घेतला. डॉक्टर म्हणाले, खोटं गाभणपण आहे. मादीच्या शरीरात माजानंतर संप्रेरकं तशी बदलतात, पिल्लं नसली तरी आईपण येतं. आठ-पंधरा दिवसांत ओसरलं. त्या दिवसांत मोजे ओढून घेऊ नका, स्तन चोळू नका, फिरणं वाढवा. फारच झालं तर डॉक्टरांना दाखवा.

दुर्लक्ष करायचं नाही अशी एकच गोष्ट आहे, गर्भाशयात पू होणं. नसबंदी न झालेल्या मादीत, विशेषतः वय वाढल्यावर, माज संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हे होऊ शकतं. खूप पाणी पिते, खात नाही, मरगळून पडते, मागून पू येतो किंवा कधी काहीच येत नाही आणि पोट फुगतं. उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

स्वभावाचं म्हणाल तर तर्री बंड्याच्या आधी शहाणी झाली. माद्या साधारण लवकर पोक्त होतात. पण ती हट्टी आहे, तिला नको असेल तर नको. हे ती मादी आहे म्हणून की ती तर्री आहे म्हणून, हे मी सांगू शकत नाही.

५. नसबंदीचा निर्णय पिल्लू घेण्याआधीच करा

वर सांगितलेल्यातलं निम्मंअधिक नसबंदीनंतर उरतच नाही. म्हणून नर-मादी ठरवताना खरा प्रश्न असा विचारा: आपण पिल्लं काढणार आहोत का? उत्तर नाही असेल, आणि बहुतेक घरांत ते नाहीच असावं, तर तुम्ही दीड-दोन वर्षांचाच त्रास निवडताय.

मादीचं ऑपरेशन पोट उघडून होतं, अंडाशय आणि गर्भाशय काढतात. नराचं बाहेरच्या बाहेर होतं, म्हणून सोपं आणि स्वस्त. ऑपरेशननंतर नराचं पळणं आणि खूण करणं बरंच कमी होतं, पण लागलेली सवय पूर्ण जाईलच असं नाही. बंड्या तुळशीला आता सोडतो, ॲक्टिवाला नाही. आणि ऑपरेशन झालं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तो निर्धोक झाला असंही नाही, काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते.

वय किती? यावर डॉक्टरांची मतं वेगवेगळी मिळतील, त्यात कोणी चुकीचं बोलतंय असं समजू नका. मादीची नसबंदी लवकर केली तर स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो. उलट गोल्डन, लॅब यांच्यासारख्या मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण व्हायच्या आधी केली तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात. त्यामुळे मोठ्या डूडलसाठी वर्षभर तरी थांबायला सांगतात, लहान मापाच्या डूडलसाठी त्याआधीही करतात. तर्रीचं ऑपरेशन एका माजानंतर, दीड वर्षाच्या वयात झालं. महिना मात्र मी चुकवला. एप्रिलच्या शेवटी केलं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात गळ्यात, टाके चाटू नयेत म्हणून असतो तो प्लास्टिकचा कोन घालून दहा दिवस ती बिचारी कूलरच्या जाळीला आपटत फिरली. डिसेंबर-जानेवारी धरा.

६. घरात आधीच कुत्रं असेल तर

विरुद्ध लिंगाचं आणा आणि दोघांची नसबंदी करा. दोन माद्यांची एकदा बिनसली की ती भांडणं मिटवणं फार अवघड जातं. एकाच वेताची दोन पिल्लं एका घरात आणायचा मोह टाळा, ती एकमेकांतच गुंततात आणि माणसाकडे लक्ष देत नाहीत.

७. पिल्लू बघायला जाल तेव्हा

फोटोवरून नर-मादी बुक करू नका. मी केलं होतं. पहिल्या एका विक्रेत्याला फोनवर ॲडव्हान्स दिला, "इम्पोर्टेड लाइनची मादी, शेवटची एकच उरली आहे." दोन आठवड्यांनी तोच फोटो दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत दिसला. पैसे गेले ते गेलेच. नंतर कळलं, २०१६ मध्ये विक्रीसाठी पैदास करायला कुत्रे आयात करण्यावरच सरकारनं बंदी घातली होती, त्यामुळे 'इम्पोर्टेड' शब्द ऐकला की प्रश्न विचारायचे.

दुसरा सापळा मादीच्या जादा किमतीचा. मला जवळपास सगळ्यांनी मादीसाठी जास्त भाव सांगितला. कारण तिच्यापासून पुढे पिल्लं काढून विकता येतात. जे गर्भाशय तुम्ही वर्ष-दीड वर्षात काढून टाकणार, त्याचे जादा पैसे कशाला मोजायचे? तसं स्पष्ट बोला, भाव उतरतो.

पिल्लाला हातात घेतल्यावर काय बघायचं:

- नर असेल तर दोन्ही अंडगोळ्या खाली उतरल्या आहेत का. आठ आठवड्यांच्या पिल्लात त्या सहसा हाताला लागतात. सहा महिन्यांनंतरही एक वरच राहिली तर ती पोटात किंवा जांघेत अडकली समजायची. पुढे तिच्यात गाठ होण्याचा धोका असतो आणि ऑपरेशन मोठं होतं. बंड्याची एक तेव्हा उतरली नव्हती. ब्रीडर "येईल हो" म्हणाला आणि सुदैवानं चौथ्या महिन्यात आली. तुम्ही मात्र बिलावर लिहून घ्या.
- नर असो की मादी, बेंबीपाशी मऊ फुगवटा म्हणजे हर्निया असू शकतो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.
- पंजा धरा, बोटांमध्ये बोट घाला, कान उलटून बघा. ज्या पिल्लाला हे चालतं ते पुढे विंचरू देईल. डूडल निवडताना लिंगापेक्षा मी याला जास्त मार्क देईन.
- थोड्या अंतरावर स्टीलची वाटी पाडा. दचकलं तर चालतं. दचकून पुन्हा हुंगायला आलं तर ते पिल्लू दिवाळीचे फटाके निभावून नेईल.
- आईला भेटा. आई दाखवायला नकार दिला तर परत फिरा. पिल्लू नर असो की मादी, स्वभावाचा अंदाज आईवरून येतो.

आई-बापाच्या खुब्याच्या सांध्याचा एक्सरे आणि डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हेही विचारा. गोल्डन, लॅब आणि पूडल तिघांतही हे आजार येतात, आणि संकर केला म्हणून ते पळून जात नाहीत.

८. कागद आणि सामान

कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय) डूडलला स्वतंत्र जात मानत नाही. त्यामुळे डूडलला स्वतःचे केसीआयचे कागद मिळतच नाहीत, आणि कोणी देत असेल तर ते खोटे. आई-वडिलांचे मात्र असू शकतात, ते मागा. फाइलमध्ये एवढं असू द्या:

- राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणी असल्याचं प्रमाणपत्र, निदान त्याचा फोटो. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ही नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही
- जन्मतारीख, लिंग, रंग आणि मायक्रोचिप नंबर लिहिलेलं बिल
- लसीचं आणि जंताच्या औषधाचं कार्ड, लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं, डॉक्टरांच्या सहीचं
- आई-वडिलांच्या केसीआय प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स

सामानात सगळ्यात आधी स्लिकर ब्रश (बारीक तारांचा) आणि स्टीलचा कंगवा, दोन्ही. नुसत्या ब्रशनं वरवरचे केस फुलतात, आत कातडीजवळ जटा तशाच राहतात. कंगवा मुळापासून टोकापर्यंत सरकला तरच विंचरलं असं धरायचं. साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हा दोन दिवस विसरलात तरी नमदा होतो. याशिवाय नरासाठी एन्झाइम क्लीनर, मादीसाठी धुता येणारे दोन-तीन डायपर, बोथट टोकाची कात्री, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा).

९. नागपुरात आणल्यावर

पिल्लू ऑक्टोबर ते जानेवारीत आणा. गाडीतून आणताना ढाब्यावर जमिनीवर सोडू नका, पार्व्होचे, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाचे, विषाणू तिथेच मिळतात. पहिल्या लसी सहा-आठ आठवड्यांना सुरू होतात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिने झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. घराजवळचा डॉक्टर ठरवून ठेवाच, पण मोठ्या तपासण्यांसाठी सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे लक्षात असू द्या.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की डूडलला भादरून टक्कल करायची इच्छा होते. तसं करू नका, कातडी उन्हात भाजते. बोटाच्या पेरभर केस ठेवा. फिरायला पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवा, पाच सेकंद सहन होत नसेल तर कुत्र्याच्या पायालाही होणार नाही. पावसाळ्यात गोचीड. डूडलच्या लोकरीत तो वरून दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो; कानाच्या आत, पायाच्या बोटांत आणि नर असेल तर अंडगोळ्यांभोवती रोज बघा. गोचीड ताप इथे फार होतो. कुत्रं एक दिवस जेवलं नाही आणि हिरड्या फिक्या दिसल्या तर रक्त तपासून घ्या.

सोसायटीत कोणी "कुत्री चालत नाहीत", विशेषतः "मादी चालत नाही" म्हणालं तर वाद घालत बसू नका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सेक्रेटरींच्या हातात द्या; सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. त्या बदल्यात आपणही पिशवी घेऊन फिरा आणि लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा.

महानगरपालिकेचा परवाना रेबीजची लस झाली की काढून टाका. आणि त्याच दिवशी पट्ट्याला एक पितळी बिल्ला करून घ्या, नाव नको, फक्त तुमचा मोबाइल नंबर, मोठ्या अक्षरात कोरलेला. बुलडीला, म्हणजे सीताबर्डीला, चाव्या बनवणाऱ्यांकडे दहा मिनिटांत होतो. बंड्या त्या दिवशी खामल्याला सापडला तेव्हा एका भाजीवालीनं त्याला ठेल्याला बांधून ठेवलं होतं आणि बिल्ल्यावरचा नंबर पोराकडून लावून घेतला होता. फोनवर तिचं पहिलं वाक्य होतं, "बाई, तुमचं मेंढरू इथं हाये."